विल्फ्रेड ऐन्सवर्थ यांची मेलेली हिरवळ

विल्फ्रेड ऐन्सवर्थ यांनी आयुष्यात दोनच गोष्टी मन लावून केल्या. चाळीस वर्षं बसची इंजिनं दुरुस्त केली, आणि घरामागची हिरवळ राखली. संसार तिसरा म्हणावा, तर त्यांची बायको जाईपर्यंत सांगायची, "माझ्या केसांपेक्षा त्या गवतातून यांचा हात जास्त फिरला."

इंग्लंडमधल्या प्रेस्टनच्या बाहेरच्या आमच्या गल्लीत प्रत्येकाच्या मागे गवताचा तुकडा आहे, पण विल्फ यांचा तुकडा वेगळाच. लांबी बारा पावलं, रुंदी आठ. दर शनिवारी सकाळी दहाला दोन खुंट्यांमध्ये सुतळी ताणायची, तिच्या कडेने गवत कापायचं जुनं लोखंडी यंत्र ढकलत जायचं, मग सुतळी सरकवायची. एक पट्टा फिकट, एक गडद, इस्त्री केल्यासारखे. काम झालं की दाराशी घडीची खुर्ची टाकून चहा प्यायचा आणि नुसतं बघत बसायचं. तेवढा वेळ त्यांच्याशी कुणी बोलत नसे.

ऐंशी ओलांडल्यावर त्यांना समोरचं मधोमध दिसेनासं झालं. कडेचं थोडं दिसायचं, रंग जवळजवळ नाहीतच. मुलगी लिंडसी लीड्सला असते, महिन्याच्या शेवटच्या रविवारी येते. तिने एका वृद्धाश्रमात खोली बघून ठेवली होती. विल्फ तयार होईनात. शेवटी ती म्हणाली, "ठीक आहे डॅड. जोवर ही हिरवळ तुम्ही स्वतः सांभाळताय, तोवर मी खोलीचं नाव काढणार नाही."

तेव्हापासून ते सुतळीला हात लावून चालू लागले, आणि पट्टे पूर्वीइतकेच सरळ पडत राहिले. शेडमधल्या वस्तूही ते जागेवरून ओळखायचे. शेवाळाचं औषध आणि तणनाशक, दोन्ही सरबताच्या जुन्या बाटल्यांत भरलेली. डावीकडची शेवाळाची, उजवीकडची तणाची.

एप्रिलच्या शेवटी माझ्या नवऱ्याने, डेरेकने, आमच्या फरशीच्या फटींतलं गवत मारायला ती उजवीकडची बाटली मागून आणली. परत नेऊन ठेवली ती जिथे जागा दिसली तिथे, शेवाळाच्या बाटलीच्याही डावीकडे.

त्याच शनिवारी विल्फ यांनी हिरवळीला शेवाळाचं औषध घातलं. झारीने, सुतळीच्या कडेने, एक कोपरा न सोडता.

दहा दिवसांत गवत पिवळं पडलं. डेरेक वरच्या खिडकीतून बघत होता.

"सांग त्यांना," मी म्हटलं.

"तू सांग. कुंपणावरून तूच बोलतेस."

"बाटली तू आणली होतीस."

"मी जागेवर ठेवली होती."

"कुठल्या जागेवर?"

यावर त्याने टोस्टला लोणी लावायला घेतलं.

मी सांगणारच होते. पण सकाळी विल्फच कुंपणाशी आले. "काय ग्लेनिस, यंदा कशी दिसतेय?"

आमच्याकडे हिरवळीची चौकशी तब्येतीसारखी असते. उत्तर ठरलेलं असतं.

"छान आहे, विल्फ."

एकदा म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी वेगळं कसं म्हणायचं? तिसऱ्या दिवशी तर मी म्हटलं, "आमच्या डेरेकला हेवा वाटतो."

"त्याला म्हणावं, आधी पाठ वाकव," ते हसले. मग जरा थांबून, "वाढ कमी आहे गं यंदा. यंत्रात काही येतच नाही. पाऊस नाही ना."

"पाऊस नाही," मी म्हटलं.

गल्लीतल्या बाकीच्यांनीही तेच केलं. समोरची पामेला तर फोटो काढते म्हणाली.

मेच्या शेवटच्या रविवारी मी चादरी वाळत घालत होते. पलीकडे लिंडसी मागच्या दारात येऊन उभी राहिली. तिच्यासमोर गवताच्या रंगाचं काही नव्हतं, जुन्या पोत्यासारखं काहीतरी अंथरलेलं होतं.

"बघ," विल्फ म्हणाले. "आणि म्हणे मला जमत नाही! खोटं वाटत असेल तर ग्लेनिसला विचार."

लिंडसीने माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडून निघून गेलं, "छान आहे."

"डॅड," लिंडसी हळूच म्हणाली, "हे सगळं मेलंय."

"लहानपणापासून तुझी थट्टा अशीच. निर्दयी."

कुणीच हसलं नाही, तेव्हा त्यांना कळलं. खुर्चीला धरून ते खाली बसायला लागले. कंबर वाकेना, लिंडसी धरायला गेली तर तिचा हात झिडकारला. गुडघे टेकल्यावर त्यांनी तळवा गवतावर ठेवला. कडकड आवाज झाला. ते पुढे सरकले, पुढच्या पट्ट्यावर हात ठेवला. मग त्याच्या पुढच्या.

"किती दिवस झाले, ग्लेनिस?"

"तीन आठवडे."

"आणि तू रोज सांगत होतीस."

"हो."

"का गं, पोरी?"

बाटली डेरेकने चुकीच्या जागी ठेवली, एवढं एकच वाक्य होतं. ते मी बोलले असते तर लिंडसीला कळलं असतं की चूक तिच्या वडिलांची नाही. आमच्या स्वयंपाकघराचा पडदा हलला. मी तिकडे पाहिलं आणि उरलेली चादर दोरीवर टाकली.

"बाटली चुकली असणार माझी," विल्फच म्हणाले. ते अजून गुडघ्यांवरच होते. "लिंडसी, ती खोली आहे का अजून?"

"आहे, डॅड."

जूनमध्ये ते वृद्धाश्रमात जायला निघाले. सामान गाडीत डेरेकने भरलं. त्यांनी त्याचा हात बराच वेळ हातात धरला आणि म्हणाले, "शेजार चांगला लाभला." डेरेकने मान हलवली. मान हलवलेली त्यांना दिसत नाही, हे तो विसरला असावा.

गाडीत बसल्यावर विल्फ यांनी काच खाली केली.

"ग्लेनिस, तिथे सगळे नवे लोक. माझा शर्ट बरा दिसतोय का? खरं सांग हां."

"डाग आहे," मी म्हटलं. "अंड्याचा. कॉलरवर."

त्यांनी रुमाल काढला आणि कॉलरची दुसरीच बाजू पुसायला लागले. जोर लावून, पुन्हा पुन्हा. लिंडसीने आरशात पाहिलं आणि गाडी सुरू केली.