एकटीला चढवता येईल असा रॅक

एडवणच्या प्रफुल्ल तामोरेला तुम्ही काहीही समजावून सांगा. तो शांतपणे ऐकून घेईल, मान डोलावेल, वर "बरोबर हाय तुमचं" असंही म्हणेल, आणि मग जाऊन स्वतःला हवं तेच करेल. वीस वर्षं तांडेल म्हणून बोट चालवलेला माणूस, भर समुद्रात त्याला कोण सांगणार होतं हो? सवयच लागली ती. पुढे मासळी मिळेनाशी झाली, बोट विकावी लागली, आणि तांडेल बोईसर स्टेशनवरून कामगारांना कारखान्यांत सोडणारी व्हॅन चालवू लागला. बोट गेली, पण स्वभाव कुठे जातो?

त्याची मुलगी वैभवी बापाच्याच वळणावर गेलेली. ही पोरगी वैतरणेच्या खाडीत कयाक मारते. कयाक म्हणजे एका माणसाची, जेमतेम हातभर रुंदीची, पण व्हॅनपेक्षाही लांब अशी शर्यतीची बोट. पाच वर्षं तिनं घाम गाळला तेव्हा कुठे राज्याच्या निवड चाचणीला नाव लागलं. चाचणी नाशिकच्या धरणावर होती. वयाच्या अटीमुळे पुढच्या वर्षी तिला बसता येणार नव्हतं, त्यामुळे हीच पहिली आणि हीच शेवटची संधी. बोट तिच्या विक्रम सरांची, त्यांच्या खेळण्याच्या दिवसांतली. फायबरचं कवच इतकं पातळ की उन्हात धरलं तर आतून हाताच्या बोटांची सावली दिसायची. सरांनी बजावून सांगितलं होतं, "वैभवी, हिला तडा गेला तर दुसरी बोट नाही. आधी गाडीवर नीट रॅक बसवा, मगच हात लावा."

तर बापलेक बोईसरला बबलूच्या दुकानात गेले. गाड्यांचे सीट कव्हर, आरसे, हॉर्न असलं सगळं विकणारा हा बबलू. त्यानं आधी लोखंडी कॅरियर दाखवलं.

"ये ले जाओ तांडेलभाई, इसपे तो पूरी शादी का सामान जाता है."

"शादी नाय करायची हिची," प्रफुल्ल म्हणाला. कॅरियरच्या कडा त्यानं अंगठ्यानं चाचपल्या. धारदार होत्या, आणि लांबीलाही आखूड. पुढच्या खड्ड्यालाच फायबरचा चुरा झाला असता.

मग हवा भरायच्या उशा आल्या. छपरावर ठेवायच्या आणि पट्टा दारातून आत घेऊन आवळायचा. गावातल्या गावात ठीक, पण घाटात वारं बोटीखाली शिरलं तर उशीसकट सगळं दरीत. त्या वैभवीनंच बाजूला सारल्या. शेवटी उरले छपरावरच्या दोन आडव्या दांड्यांचे रॅक, ज्यांत बोटीचं पोट बसेल अशा मऊ गाद्या असतात. त्यातही दोन प्रकार निघाले. एकात गाद्या घट्ट बसवलेल्या, म्हणजे दोघांनी दोन टोकं धरून बोट डोक्यावरून वर चढवायची. दुसऱ्यात दांडा बाजूला कमरेपर्यंत खाली येतो, त्यात एकट्या माणसानं बोट ठेवायची आणि दांडा वर ढकलायचा. हा दुसरा मुंबईहून मागवावा लागणार होता.

"पहिलाच बरा," प्रफुल्ल म्हणाला. "जेवढे सांधे जास्त, तेवढी खिटखिट. आणि उचलायला आपण दोघं हावंच ना."

वैभवी दांड्यांकडे बघत राहिली. "दोघं दरवेळी असणार हाव का पप्पा?"

"का? मी कुठं चाललोय?"

"तू नाय. मी."

बस्स, एवढंच बोलली. निवड झाली तर तिला पुढच्या सरावासाठी बाहेर राहावं लागणार, हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. पण माहीत असणं वेगळं आणि बबलूच्या दुकानात, हॉर्नच्या खोक्यांमध्ये उभं राहून ऐकणं वेगळं. प्रफुल्लनं मान डोलावली, म्हणाला, "बरोबर हाय तुझं. दुसरा मागव."

या माणसानं मान डोलावली की सावध व्हायचं, हे बबलूला ठाऊक नव्हतं. वैभवीला ठाऊक होतं, पण त्या दिवशी आनंदात तिच्याही ध्यानात आलं नाही.

रॅक तिनं निवडलेलाच आला. पण निघायच्या दिवशी पहाटे वैभवी अंघोळीला गेली आणि प्रफुल्ल ओसरीवर ठेवलेल्या बोटीपाशी येऊन बसला. तामोरेंच्या घरात आजोबांच्या वेळेपासूनची रीत होती. हंगामात पहिल्यांदा बोट निघताना तिला मासळीचं तेल चोळायचं, नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, मागच्या टोकापर्यंत, आणि ते तांडेलानं स्वतःच्या हातानं चोळायचं. लाकूड पाणी पीत नाही हे कारण झालं, पण खरं म्हणजे कोरड्या अंगानं बोट घराबाहेर काढायचीच नाही. विकलेल्या बोटीच्या तेलाची बाटली त्यानं अजून जपून ठेवली होती. ओसरीवर इतक्या वर्षांनी बोट आली होती आणि ती पोरीला घेऊन निघाली होती. त्याला राहवेना. हलक्या हातानं, लेकराला चोळावं तसं, त्यानं तिच्या पोटाला तेल चोळलं. मागच्या निमुळत्या टोकालाही चोळलं. मग फडक्यानं वरवर पुसलं, उरलेलं तेल एका छोट्या बाटलीत भरून शर्टाच्या खिशात टाकलं, आणि शहाण्यासारखा गप्प बसला.

सकाळच्या फेऱ्या संपवून प्रफुल्ल दुपारच्या तोंडाला व्हॅन घेऊन आला, मग बोट वैभवीनंच चढवली. खालून धरायला ओला टॉवेल घेतला होता, आणि मासळीचा वास त्या घरात नेहमीचाच, म्हणून तिला काही कळलं नाही. दोन पट्टे आवळले, पुढच्या टोकाची दोरी पुढच्या बंपरला बांधली, मागच्या टोकाला फास टाकून मागच्या हुकाला. पुढचं टोक काचेच्या वर वीतभर दिसत होतं, त्याला लाल चिकटपट्टी. संध्याकाळी पाचच्या आत नाशिकला बोटीचं वजन करून नोंद करायची होती. नाही पोचलं तर नाव खोडणार.

पालघर गेलं, मनोर गेलं. वैभवी खिडकीला डोकं टेकून डोळे मिटून बसली. विक्रमगडच्या अलीकडे एक बकरी आडवी आली, प्रफुल्लनं ब्रेक मारला, आणि वर बघतो तर काय! लाल पट्टी खाली उतरलेली. आधी वीतभर दिसणारं टोक आता हातभर दिसत होतं.

त्याला त्याच क्षणी कळलं. गाद्यांनी तेल प्यायलं होतं, आणि बोट पुढे सरकत होती.

आता सांगा, सरळ माणसानं काय केलं असतं? गाडी बाजूला घेतली असती, पोरीला उठवलं असतं. प्रफुल्लनं काय केलं? हळू चालवायला लागला! का, तर थांबलो तर हिला कळेल. जव्हारला पोचू, चहाच्या निमित्तानं थांबू, हळूच पट्टे आवळू, अशी त्याची गणितं. मागून हॉर्न वाजत होते. गाड्या शिव्या घालत पुढे जात होत्या. प्रत्येक खड्ड्याला त्याचा जीव वर जायचा आणि डोळा लाल पट्टीवर. पट्टी थोडी आणखी खाली. आणखी थोडी.

"पप्पा, एवढा हळू का चाललायस? पाचला पोचायचंय." वैभवीनं डोळे न उघडताच विचारलं.

"रस्ता खराब हाय."

जव्हारच्या अलीकडच्या उतारावर, वळणावरून एक ट्रक अंगावरच आला. प्रफुल्लनं दोन्ही पायांनी ब्रेक दाबला. वरून सर्र असा लांबलचक आवाज झाला, आणि बोटीचं टोक काचेसमोर सपकन खाली आलं. मागचा फास तेलकट टोकावरून केव्हाच सुटला होता. ती दोरी आरशात रस्त्यावर फरफटताना दिसली.

वैभवी किंचाळली. प्रफुल्लनं हँडब्रेक ओढून खाली उडी मारली आणि लोंबणारं टोक खांद्यावर झेललं. मागचा पट्टा सुटला होता, पुढच्या एका पट्ट्यावर बोट अडकून होती. वैभवी धावत आली, तिनं पोटाखाली हात घातला आणि तो तसाच घसरला. तिनं तळवा नाकाशी नेला.

"तेल?"

प्रफुल्लनं खांद्यावरचं टोक नीट सावरलं.

"पप्पा, तेल कुणी लावलं?"

"मी लावलं." खांद्यावर बोट, मान वाकडी, तसाच तो बोलला. "पहाटे लावलं. विक्रमगडपासून कळत होतं मला सरकतेय ते. बोललो नाय."

पोरगी जी फुटली! "तुला सगळं ऐकू येतं, फक्त करायचं तुझंच! ही तुझी लाकडाची बोट नाय! तडा गेला असता तर? माझी पाच वर्षं हायेत ही, पप्पा! आणि कळल्यावर पण गप्प बसलास?" तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. प्रफुल्लला वाटलं, जमिनीनं दुभंगून आत घ्यावं.

दोघांनी बोट उतरवून कडेच्या गवतावर ठेवली. वैभवीनं गुडघ्यावर बसून इंचइंच तपासली. टोकावर ओरखडा होता. तडा नव्हता. तिनं दोनदा खात्री केली आणि मगच उठली.

वळणाच्या वर मंगळी नावाच्या बाईची चहाची टपरी होती. प्रफुल्ल धावत गेला, "बाय, चुलीची राख हाय का?" मंगळीनं खालचा तमाशा पाहिलाच होता. काही न विचारता तिनं पाटीभर राख आणि पाण्याचा कॅन हातात दिला. वैभवीनं राखेनं बोटीचं पोट घासलं, गाद्या घासल्या, धुतल्या, स्वतःच्या ओढणीनं कोरड्या केल्या. बापाला हात लावू दिला नाही.

"उचलायला येऊ?" त्यानं विचारलं.

"नको. तू वर वळणावर जा आणि गाड्या थांबव. इथं कुणी येऊन धडकलं तर सगळंच संपेल."

तो गेला. वळणावर गमछा फडकवत उभा राहिला. एक टेम्पो थांबवला, मग एक एसटी. ड्रायव्हर ओरडत होता आणि हा हात जोडत होता. पाठ खाली पोरीकडे. वळून बघायची छाती होईना. तेव्हा त्याच्या डोक्यात प्रकाश पडला, की त्याच्या आवडीचा तो पहिला रॅक असता तर बोट चढवायला दोघं लागले असते, आणि या उतारावर गाड्या थांबवायला कुणीच नसतं. दांडा वर जाताना कुरकुरला. मग पट्टा आवळल्याचा आवाज. मग दुसरा. मागच्या दोरीचा वेढा यावेळी तिनं बोटीच्या बैठकीच्या कडेला घातला होता, निमुळत्या टोकाला नाही.

"चल!" खालून हाक आली.

नाशिकपर्यंत तिनं डोळे मिटले नाहीत. मोखाडा गेलं, त्र्यंबक गेलं, लाल पट्टी जागची हलली नाही. पाचला थोडासाच अवकाश असताना बोट वजनकाट्यावर चढली. तिथला माणूस नाक मुरडून म्हणाला, "ह्या बोटीला मासळीचा वास येतोय." वैभवीनं नोंदवहीत सही केली. प्रफुल्लनं जमिनीकडे बघितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी धरणावर तिनं दांडा खाली घेतला, बोट एकटीनं खांद्यावर टाकली आणि पाण्याकडे निघाली. प्रफुल्ल चार पावलं मागे, हात पाठीशी बांधून. चुकूनही हात पुढे जाऊ नये म्हणून त्यानं एका हाताचं मनगट दुसऱ्या हातानं धरून ठेवलं होतं. काठावर तिनं बोट पाण्यात सोडली, वल्हं आडवं ठेवलं आणि मागे न वळता म्हणाली, "बाटली आणलीयस ना?"

"कसली बाटली? नाय."

"खोटं नको बोलू. शर्टाच्या खिशात हाय. कालपासून दिसतेय."

प्रफुल्लनं खिशावर हात ठेवला. चोरी पकडली गेल्यासारखं त्याचं तोंड झालं. वैभवीनं बोटीचं टोक वळवून त्याच्या समोर आणलं, जिथं कालचा ओरखडा होता.

"एक बोट तेल लाव. नाळेला. पोटाला लावलंस तर बघ."

त्यानं बाटली उघडली. तेल थोडं पाण्यात सांडलं. ओरखड्यावर त्यानं एकच बोट ओढलं आणि हात मागे घेतला. वैभवी बोटीत बसली, एकदा बापाकडे बघून घेतलं, आणि सुरुवातीच्या रेषेकडे निघून गेली.