पाश्केबाईंचे बटाटे

पश्चिम बर्लिनच्या वेडिंग भागात हेर्मा त्साबेल तिसऱ्या मजल्यावर एकटीच राहायची. ट्रामवर कंडक्टर होती. फुकट्या प्रवासी आपल्याला पाठमोराही ओळखू येतो, असं अभिमानानं सांगायची. ही संशयाची खोड घरी आल्यावरही सुटत नसे.

अठ्ठेचाळीसच्या जूनमध्ये रशियनांनी पश्चिम बर्लिनकडे येणारे रस्ते, रेल्वे, कालवे, सगळं बंद केलं. विजेअभावी ट्राम कमी झाल्या आणि हेर्मा घरी बसली. मग दर काही मिनिटांनी अमेरिकन आणि इंग्रज विमानं यायला लागली, पीठ आणि कोळसा घेऊन. पोरं हात हलवायची. हेर्माची नजर मात्र आधी तळघराच्या जिन्याकडे जायची. पाच वर्षांपूर्वी अशीच घरघर झाली होती, आणि तिची धाकटी बहीण ढिगाऱ्याखालून जिवंत निघाली नव्हती.

"काल बॉम्ब, आज पीठ," ती म्हणायची. "उद्याचं कोणी सांगावं?"

पण संशयानं पोट भरत नाही. टेगेलला विमानांसाठी नवी धावपट्टी व्हायची होती, बायकांना काम होतं, वर गरम जेवण. हेर्मा तीन महिने तिथं भरावासाठी ढिगाऱ्यातल्या विटा फोडत राहिली.

नोव्हेंबरात एके दुपारी जिना चढताना ती दुसऱ्या मजल्यावर थबकली. ट्रूडे पाश्केच्या दारातून वास येत होता, सालासकट उकडलेल्या खऱ्या बटाट्यांचा! विमानातून यायची ती नुसती भुकटी, पाण्यात कालवली की खळ. ट्रूडे विधवा होती, घरात अंथरुणाला खिळलेला सासरा. हिला बटाटे कुठून? पूर्व बर्लिन रशियनांच्या ताब्यात होतं आणि त्यांनी जाहीर केलं होतं, आमच्याकडे नाव नोंदवा, ताजा शिधा घ्या. अशी नावं थोड्यांनीच नोंदवली होती, आणि त्यांच्याशी कोणी धड बोलत नसे.

हेर्मानं दार वाजवलं. "काय शिजतंय, पाश्केबाई?"

"सगळ्यांकडे शिजतं तेच." दार लागलंसुद्धा.

दुसऱ्या दिवशी पावाच्या रांगेत हेर्मा म्हणाली, "मी कुणाचं नाव घेत नाही बाई. पण आमच्या दुसऱ्या मजल्यावर रशियन बटाटे शिजतात."

एवढं पुरलं. आठवड्याभरात ट्रूडे रांगेत आली की बायका पाठ फिरवू लागल्या. तिच्या दारावर कुणीतरी खडूनं लिहिलं, 'विकली गेलेली'. हेर्मानं ते वाचलं आणि वर निघून गेली.

जानेवारीत हेर्मा आजारी मावशीला बघायला पूर्वेकडे पांकोला गेली. परतताना स्टेशनवर पोलीस झडती घेत होते. पुढेच ट्रूडे उभी. पोलिसानं तिची पाठपिशवी उलटी केली. डझनभर बटाटे फरशीवर घरंगळले.

"पूर्वेचं शिधापत्रक दाखवा."

"नाही माझ्याकडे. माझं नाव वेडिंगलाच आहे."

"मग हे सगळं जप्त."

ट्रूडेनं मान वळवली. मागे हेर्मा.

गाडीत दोघी समोरासमोर बसल्या.

"झाली खात्री?" ट्रूडे म्हणाली. "ह्यांचा ओव्हरकोट दिला खेड्यातल्या शेतकऱ्याला. त्याआधी घड्याळ दिलं. म्हाताऱ्याच्या घशाखाली ती भुकटी उतरत नाही हो."

"अहो, मग मला सांगायचं ना!"

"तुम्हाला? आणि खरं वाटलं असतं तुम्हाला?"

 घरी येताच हेर्मानं ओल्या फडक्यानं ट्रूडेच्या दारावरचा खडू पुसला. सकाळी पावाच्या रांगेत सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "पाश्केबाईंबद्दल मी बोलले ते खोटं होतं. पूर्वेकडे त्यांचं नाव नाही. मी डोळ्यांनी पाहिलंय."

 मग बेकरीवाली पाव कापता कापता म्हणाली, "असं होय! किती बटाटे पोचले तुमच्याकडे, त्साबेलबाई?"

रांग हसली. त्या दिवसापासून बायका दोघींनाही टाळू लागल्या.

मार्चमध्ये सासरा गेला. अंत्यविधीला ट्रूडे होती, पाद्री होता आणि चार पावलं मागे हेर्मा. मे महिन्यात रस्ते उघडले, भाजीचे ट्रक आले. ट्रूडेला मग दुसऱ्या भागात खोली मिळाली. जाताना तिनं जिन्यात हेर्माला "येते" एवढंच म्हटलं.

पुढे दरवर्षी विमानांच्या आठवणीला फुलं वाहिली जायची. एकदा एका वार्ताहरानं हेर्माला विचारलं, तेव्हा शहर कसं एकजुटीनं उभं राहिलं ते सांगा.

"कोण म्हणालं तुम्हाला असं?" हेर्मानं विचारलं, आणि त्याचं ओळखपत्र मागितलं.