तेरला ‘आराम’ या शब्दाचा अर्थ कळला

मी, सुधाकर माधव लोमटे, वाणिज्य शाखेचा पदवीधर, वय पंचावन्न, पुण्यात लेखापाल. या प्रवासाचा उद्देश एकच होता: हृदय थकत चाललेल्या माझ्या दाजींना, म्हणजे थोरल्या बहिणीच्या यजमानांना, तेरहून पुण्याच्या रुग्णालयात आणणे. खाट राखून ठेवलेली होती, भाड्याची गाडीही सोबत घेतली होती.

टेंभुर्णीला महामार्ग सोडून बार्शी, येडशीमार्गे धाराशिव गाठावे. रस्ता उत्तम आहे. दुतर्फा ज्वारी हुरड्यावर आली होती. मुक्काम धाराशिवलाच करावा, खोल्या स्वच्छ आणि परवडणाऱ्या आहेत. गुलाबजाम मात्र सकाळीच घ्यावेत, ताजे मिळतात. तेथून तेरला एसटी जाते. तेरला त्रिविक्रमाचे विटांचे प्राचीन मंदिर आहे. इतक्या शतकांचा भार साध्या विटांनी पेलला आहे, हे पाहून मी बराच वेळ उभा राहिलो. पण खरे थक्क व्हायचे अजून बाकी होते.

दाजी गाद्यांच्या थप्पीला टेकून बसले होते. पाय सुजलेले, वाक्य संपण्याआधी दम संपत होता. ताईने मला दारातच थांबवले. “सुधा, ह्यांना काही कळू देऊ नको. बरं करायला न्यायलाव, एवढंच सांग.”

तेवढ्यात आरोग्य केंद्राच्या नसीमा सिस्टर आल्या.

“मामा, मीठ बंद केलंय ना? पापड खाल्लाव?”

“म्या? न्हाय.”

“मग मिशीला काय लागलंय?”

दाजी हसले, हसता हसता खोकले. खोकला थांबल्यावर त्यांनी सिस्टरांकडे रोखून पाहिले. “खरं सांगा. पुण्याला गेल्यावर आराम पडंल का मला?”

आमच्याकडे आराम म्हणजे विश्रांती. इथे ‘आराम पडणे’ म्हणजे पूर्ण बरे होणे. ताईने डोळ्यांनी सिस्टरांना विनवले. सिस्टर खाली बसल्या, दाजींचा हात हातात घेतला.

“आधी तुमी सांगा मामा, लई भीती कशाची वाटती?”

“दम कोंडायची. अन् गाडीत जीव जायची.”

“तुमी म्हणताव तसला आराम आता कुठंच पडायचा न्हाय. हृदय लई थकलंय. पण दम कोंडू नये, ह्याचं औषध हाय. डॉक्टरांशी बोलूनच आले म्या. तेवढा आराम हितं घरात देता येतो.”

मग दाजींनी मोठा श्वास घेतला. “पाव्हणं, गाडी रिकामीच न्या.”

ताई रडली. डोळे पुसून तिने विचारले, “रात्री दम लागला तर?” सिस्टरांनी तिला उशा कशा रचायच्या, पंख्याचा वारा चेहऱ्यावर कसा घ्यायचा, औषध कधी द्यायचे, हे दाखवले आणि तिच्याच हातून करवून घेतले.

मी सिस्टरांना फाटकापर्यंत पोहोचवायला गेलो. “तुमची या बोलण्याची तयारी होती?”

“न्हाय हो, सर. कॅन्सरच्या पेशंटशी कसं बोलायचं, ते शिकवलंय. हृदयाचं न्हाय. हा आजार आज उठवून बसवतो, उद्या आडवा करतो. बोलायची वेळ कधी आली, तेच उमगत न्हाय. माझ्या पहिल्या पेशंटला म्या ‘पडंल आराम’ म्हणलं. ते शेवटपर्यंत वाट बघत राहिले.” त्यांनी माझ्या हाताला बोटे लावली. ती बर्फासारखी गार होती. “बघा, आत्तासुद्धा.”

इतकी भीती बाळगून माणूस इतके स्वच्छ बोलू शकतो, हे मी प्रथमच पाहिले.

दुसऱ्या दिवशी मी एकटाच परतलो. ताईचा फोन आला: दाजी सकाळी ओट्यावर बसून शेजाऱ्याच्या म्हशीला शिव्या घालत होते. मग मी रुग्णालयाला फोन करून खाट नको असल्याचे कळवले.

पलीकडचा आवाज हळू झाला. “पेशंट गेले का, सर?”

“नाही,” मी म्हणालो, “घरी आहेत.”

सुधाकर माधव लोमटे
पुणे, माघातील रविवार