तांबडीच्या जागी दुसरी

कारखान्यात वेस्टेज निघालं की त्याचं वजन होतं आणि भंगारवाला ते उचलून नेतो. किस्से मात्र कोणी उचलत नाही. ते कँटीनच्या टेबलावर साचत राहतात आणि एखादा नवा माणूस जेवायला बसला की त्याच्या ताटात पडतात. सिल्वासाला धाग्याच्या कारखान्यात मी मेंटेनन्स सांभाळत होतो, तेव्हा आमच्या टेबलावर सगळ्यात जास्त किस्से साचले ते माझ्या गाडीचे. म्हणजे गाडी माझी, फंडातून काढलेलं कर्ज माझं आणि मतं बाकी सगळ्यांची!

टेबलावर आम्ही तिघं. फाटक क्वालिटी कंट्रोलचा प्रमुख. जगातली प्रत्येक वस्तू त्याच्या लेखी एकतर पास असायची, नाहीतर रिजेक्ट. बोरसे आमचा डाइंग मास्टर, म्हणजे धागा रंगवणारा, धुळ्याकडचा, तोंडानं फटकळ आणि नजरेनं त्याहून फटकळ. आणि तिसरा मी. घरं तिघांचीही घाटावर. त्यामुळे शनिवारी पहिली पाळी सुटली की माझ्या गाडीतून खानवेलवरून घाट चढायचा आणि नाशिक गाठायचं, हे ठरलेलं. बोरसे तिथून पुढे एसटीनं धुळ्याला जायचा. माझी बायको सुनंदा नाशकात बँकेत होती आणि मुलगी मुक्ता तिथेच शाळेत. माझा संसार आठवड्यातून दीड दिवस चालायचा, आणि तो त्या गाडीवर चालायचा!

* * *

पहिली गाडी तांबडी. लांब नाकाची, पाच गिअरची, बसकी आणि देखणी. सेकंड हँडच घेतली होती, पण वळणावर अशी चिकटून जायची की फाटक मागच्या सीटवर डोळे मिटून घ्यायचा.

मुक्ताच्या गॅदरिंगच्या दिवशी ती घाटात उकळली. बॉनेटमधून वाफ, खाली पाणी आणि इंजिनातून एकदाच खट्ट! मेंटेनन्सच्या माणसाला तो आवाज कळतो. इंजिन गेलं. मी टोमॅटोच्या ट्रकमध्ये बसून नाशिक गाठलं, तर शाळेत मांडवाच्या खुर्च्या घड्या घालून ठेवत होते. मुक्ता पायरीवर बसली होती. तिला फुलपाखरू केलं होतं. पंख काढून मांडीवर ठेवलेले. "बाबा, मी पुन्हा करून दाखवू?" म्हणाली.

सुनंदानं पाट मांडला, पाणी ठेवलं. नेहमीसारखं जेवायला वाढलं. ते जास्त वाईट होतं.

हात धुतल्यावर म्हणाली, "आता साधी, पांढरी, छोटी गाडी घ्या."

"छोटी गाडी एवढी माणसं घेऊन तो घाट चढत नाही गं. तिथे पिकअप लागतो."

"तुम्हाला गाडी हवीय की तरुणपण?"

"दोन्ही एकाच हप्त्यात मिळालं तर बघतो."

ती हसली नाही. म्हणाली, "काय हवी ती घ्या. पण मे महिन्यात, भर दुपारी, मला आणि मुक्ताला बसवून घाट चढून दाखवायचा. गरम झाली, तर गाडी विकायची आणि नाशकात मिळेल ती नोकरी धरायची. मला हे वाट बघणं आता झेपत नाही."

ती हे चिडून बोलली असती तर मी वाद घातला असता. ती चिडली नव्हती.

* * *

शोध सुरू झाला. सामरवरणीत एका कंपनीच्या मॅनेजरची गाडी विकायची आहे असं कळलं. मोतिया रंगाची, चकाचक, आणि बजेटमध्ये! मालक सारखा सांगत होता, "एक ओरखडा नाही हो. फुलासारखी वापरलीय."

मी इंजिन ऐकत होतो. फाटक दारांच्या फटी मोजत होता. बोरसे मात्र गाडीजवळ येईचना. लांब उभा राहून, डोळे बारीक करून, मान एकदा इकडे आणि एकदा तिकडे करत होता. धाग्याची शेड बघताना करायचा तसं. मग म्हणाला, "भाऊ, गाडी जरा उन्हात घ्या."

उन्हात घेतली. बोरसे हळूच पुढे आला आणि डाव्या दारावर बोट ठेवलं. "हाई दार दुसरा लॉटनं शे."

मालक भडकला. "काय बोलताय! कंपनीचा ओरिजिनल पेंट आहे!"

एवढ्यात घरातून त्याची बायको हात पुसत बाहेर आली. दाराकडे बघितलं, मग नवऱ्याकडे बघितलं.

"तरीच!" ती म्हणाली. "तरीच त्या महिन्यात तुम्ही रोज बसनं जात होतात!"

आम्ही चहा न घेता निघालो.

* * *

दुसरी गाडी नरोलीच्या एका माणसाची. खोक्यांचा सप्लायर होता. तो बिचारा गाडी दाखवायला थेट कारखान्यातच घेऊन आला. फाटकनं तासभर तपासली. गिअरबॉक्समधून बारीकसा आवाज येत होता. पास करवेना आणि रिजेक्टही करवेना. अशा मालाला आमच्याकडे पिवळा टॅग लागायचा, 'होल्ड' लिहिलेला. फाटकच्या खिशात ते टॅग कायम असायचे. बोलता बोलता, नुसत्या सवयीनं, त्यानं एक टॅग गाडीच्या हँडलला बांधला आणि हेड ऑफिसच्या मीटिंगला मुंबईला निघून गेला!

संध्याकाळी मालक गाडी घेऊन गेटवर. गेटवर वॉचमन तिवारी. तिवारीला आम्हीच शिकवलं होतं की पिवळा टॅग असलेली वस्तू गेटबाहेर जाता कामा नये, आणि टॅग ज्यानं बांधला त्यानंच सोडायचा.

"गाडी मेरी है!" मालक ओरडला.

"माल तो किसी न किसी का होता ही है," तिवारी शांतपणे म्हणाला.

मी मध्ये पडलो. "तिवारी, मी सांगतो, जाऊ दे."

"आपका डिपार्टमेंट मेंटेनन्स है, साब."

मालक रिक्षानं घरी गेला. फाटक परत येईपर्यंत गाडी शेडमध्ये उभी. तो आला, टॅग सोडला आणि माफी मागायच्या ऐवजी गुडघ्यावर बसून खाली वाकला.

"बरं झालं ठेवून घेतली," म्हणाला. "ऑइलचं तळं बघ केवढं झालंय! रिजेक्ट!"

मला हसू आवरेना, आणि खरं सांगतो, सुटल्यासारखंही वाटलं. मी ती गाडी जवळजवळ घेतलीच होती.

* * *

मग आमलीच्या जयंतीभाईच्या गॅरेजात ती दिसली. गडद निळी, चार दारांची, पाच गिअरची. मागची बाजू जरा उचललेली, पळायच्या तयारीत असल्यासारखी. मी बघताक्षणी खलास!

"साहेब, चलावीने तो जुओ," जयंतीभाई म्हणाला. "इंजिन एक नंबर छे."

इंजिनावर स्क्रू ड्रायव्हर टेकवून दांडा कानाला लावला. आवाज असा गुळगुळीत की मला आमच्या नव्या मशीनची लाज वाटली. खाली वाकून बघितलं, तर मागच्या कमानपाट्यांना एक पाटा जास्तीचा घातलेला. "वा!" मी म्हणालो. "पाच माणसं आणि सामान, हवाच!" मागची सीट एका हिसक्यात बाहेर आली. "वा! मेंटेनन्सला किती सोयीचं!" डिकीत दिवा नव्हता, तर फाटक म्हणाला, "बॅटरी वाचते." मागची बाजू उचललेली का, यावर त्यानं हवेच्या दाबाची थिअरी मांडली. ती मला कळली नाही, पण पटली.

आणि एवढं सगळं बजेटच्या आत!

"आधीचे मालक कोण?" मी विचारलं.

"बहु सारो माणस," जयंतीभाई म्हणाला. "हमणां बहारगाम छे. आवतां थोडां वरस लागशे."

बोरसेनं मला कोपरानं ढोसलं. "भाऊ, येवाले वरसं लागतीन असं कोन्तं गाव शे?"

आम्ही त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. फाटकनं आयुष्यात पहिल्यांदा न तपासता एखादी गोष्ट पास केली.

* * *

पहिल्या शनिवारी सरहद्दीच्या नाक्यावर आम्हाला थांबवलं. आता सिल्वासात दारू स्वस्त, त्यामुळे नाक्यावर झडती ही रोजचीच बाब. पण तांबडीला कधी कोणी हात लावला नव्हता. निळीला बघून मात्र हवालदार खुर्चीतून असा उठला की चहाचा कप पडला!

डिकी उघडली. सीट काढली. तीही एका हिसक्यात, न विचारता, कुठे धरायची ते बरोबर माहीत असल्यासारखी. माझे धुवायचे कपडे एकेक करून झटकले. बोरसेच्या डब्यातली उरलेली भाजी हुंगली. काही मिळालं नाही. हवालदार कितीतरी वेळ गाडीकडे बघत उभा राहिला आणि म्हणाला, "जा."

दुसऱ्या शनिवारी तेच. तिसऱ्या शनिवारी तेच. फाटकचा संयम सुटला. "हवालदारसाहेब, दर वेळी शंभर टक्के इन्स्पेक्शन? अहो, सॅम्पलिंग तरी करा!"

"बाकीच्या गाड्यांचं सॅम्पलिंगच करतो," हवालदार म्हणाला.

आम्ही कोड्यात. नवीन पासिंग म्हणून असेल, तांबडी महाराष्ट्र पासिंगची होती, असं आम्ही एकमेकांना समजावत राहिलो.

एका रविवारी परत येताना टायर बदलायला थांबलो. सीट काढली, तर तिच्या मागच्या पत्र्यात एक लांबलचक पोकळी. आत भाताचा पेंढा, नीट दाबून बसवलेला.

"साउंड इन्सुलेशन!" फाटक म्हणाला. "म्हणूनच आत आवाज येत नाही."

बोरसेनं पेंढ्यात हात घातला, बरंच चाचपलं आणि बाटलीचं एक झाकण बाहेर काढून फाटकच्या तळहातावर ठेवलं.

"आनि हाई काय शे? आवाज कमी-जास्त करानं बटन?"

* * *

मे महिना आला. सुनंदा आणि मुक्ता सुट्टीत पंधरवडाभर सिल्वासाला राहायला आल्या. गाडीचा पूर्वेतिहास मी सांगितला नव्हता. फाटकनं मात्र निघायच्या दिवशी खिशातून एक पिवळा टॅग काढून सुनंदाच्या हातात दिला. "वहिनी, शेवटचं इन्स्पेक्शन तुमचं." तिवारीचा किस्सा तिला माहीत होता. तिनं हसत हसत टॅग समोरच्या आरशाला बांधला. हसत होती, पण गाठ पक्की मारली.

भर दुपारी निघालो. ऊन असं की स्टिअरिंगला हात लावता येईना. खानवेल मागे पडलं. पुढे घाट होता, पण त्याच्या आधी नाका होता.

हवालदार सावलीत बसला होता. उठला. मी न सांगता उतरून डिकी उघडली. त्यानं डिकी बघितली, मुक्ताला "उठ बाळा" म्हणून सीट काढली, पोकळीत हात घातला. आत मुक्ताची बाहुली होती. त्यानं ती नीट झटकून तिच्या हातात दिली.

"आपल्याला एवढं का तपासतात?" सुनंदानं मला विचारलं. मी डिकी लावून स्टिअरिंगमागे येऊन बसलो.

उत्तर हवालदारानंच दिलं. तो तिच्या खिडकीशी आला, टपावर हात ठेवला. "साहेबांचा काही दोष नाही, बाई. ही गाडी आधी दुसऱ्याची होती. बाटल्या भरून न्यायचा. ह्याच रस्त्यानं."

सुनंदानं माझ्याकडे बघितलं. माझा शर्ट पाठीला चिकटला. संपलं, मला वाटलं. गाडी गेली, नोकरी गेली, सिल्वासा गेलं.

"आणि तुम्ही त्याला पकडलंत?" तिनं विचारलं.

"आमी कुठलं पकडतोय? तो वापीकडं कुठंतरी पायी चालताना घावला. ह्या गाडीत असताना कुणाला घावला न्हाई. आमची जीप लई पळाली हिच्या मागं. उन्हाळा म्हणू नका, पावसाळा म्हणू नका. मागचे दिवेच बगितले आमी."

सुनंदानं आरशावरच्या टॅगची गाठ चाचपून बघितली. मग खिडकीतून डोकं बाहेर काढून, बँकेत खातेदाराची चौकशी करावी तशा आवाजात तिनं विचारलं,

"मग घाटात गरम व्हायची का हो ही कधी? अगदी भर मे महिन्यात?"

हवालदारानं टोपी मागे सारली. समोरच्या घाटाकडे बघितलं, गाडीकडे बघितलं आणि मोठा सुस्कारा सोडला.

"बाई, ही एकदा जरी गरम झाली असती ना, तर मी आज फौजदार असतो!"

सुनंदानं डोकं आत घेतलं, आरशाला बांधलेल्या टॅगची गाठ सोडली आणि तो पर्समध्ये टाकला.