दादूचा रहाट, भिकाजीचा दोर
दोर वळणाऱ्या दादूचा शब्द आणि दोर कधी तुटत नाही, असं मांडवी बंदरावरचे गलबतं हाकणारे तांडेल म्हणत. स्तुतीला पैसा पडत नाही, म्हणून ती लोक सढळ हातानं करतात. दादूच्या घरची एक रीत होती. कोणी दोर उधार नेला, की उधारीची खूण म्हणून त्याच दोराच्या तुकड्याला गाठ मारून तो आढ्याला टांगायचा. पण गलबत समुद्रात असताना त्याच्या नावाची गाठ घरात ठेवणं अपशकुनाचं. म्हणून गलबतं निघायच्या वेळी, नारळी पौर्णिमेला, सगळ्या गाठी सोडायच्या आणि गलबत परतलं की पैसे घ्यायचे. बापाच्या वेळी कोणी बुडवले नव्हते.

एकतीस साली मंदी आली, गलबतांना माल मिळेना. भिकाजी तांडेलाच्या दोन गाठी आधीच लोंबत होत्या, तरी तो नवा दोर मागायला दारात आला. दोराशिवाय गलबत हलणार नाही आणि गलबत हललं नाही तर मागचेही पैसे येणार नाहीत. इकडे काथ्याच्या व्यापाऱ्यानं उधारी बंद केली होती. मागचं देणं तुळशीच्या लग्नापर्यंत आलं नाही, तर दोर वळायचं लाकडी चाक, म्हणजे रहाटच उचलून नेईन, असं त्यानं बजावलं होतं. रहाट गेला तर दादूचे हातच गेले. शेवटी बायकोनं, हौसानं, पाटल्या काढून दिल्या. रडली, पण दिल्या. त्या विकून रोखीनं काथ्या आला, दोर झाला. पौर्णिमेला दादूनं देवाचं नाव घेऊन भिकाजीच्या तिन्ही गाठी सोडल्या.

दिवाळी उलटली तरी गलबत येईना. दादू रोज धक्क्यावर जाऊन बसे. तुळशीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी आगबोटीतून भिकाजी एकटाच उतरला. खांद्यावर दोराचं वेटोळं होतं.

"गलबत मुंबईत सावकारानं नेलान," तो खाली बघत म्हणाला. "तुजा दोर तेवढा सोडवून आणलाय. पैसे नाय रे माज्याकडे."

भांडायला माणूस लबाड तरी हवा होता. खाऱ्या पाण्यात वापरलेला दोर आता कोण घेणार?

दोन दिवसांनी व्यापाऱ्याची बैलगाडी आली. गाडीवानानं रहाट चढवला, पण बांधायला काही आणलं नव्हतं. त्याची नजर अंगणातल्या वेटोळ्याकडे गेली. दादूनं ते उचलून दिलं. गाडीवानाची गाठ सैल पडली. उतारावर रहाट पडून मोडला असता. दादूला राहवलं नाही. पुढं होऊन त्यानंच ती गाठ आवळली.