बातमीआधीचा चहा

फुरकानची जीप चांदूर रेल्वेच्या स्टँडवर उभी असायची. लग्नाचा बस्ता असो, बाळंतिणीला माहेरी आणायचं असो, लोक त्यालाच शोधत यायचे. गाडी जुनी होती, पण माणूस भरवशाचा. पुढे नापिकीची ती वाईट वर्षं आली. गावोगाव मरणं वाढली आणि जिपेला वेगळंच काम लागलं. सासरी असलेल्या लेकींना मयतीसाठी आणायचं. लेकीने तोंड पाहिल्याशिवाय तिरडी उचलत नसत. आणि वाटेत खरं सांगायचं नाही, हेही ठरलेलं. 'बरं नाही' एवढंच म्हणायचं.

पहिल्याच खेपेला त्याच्याने राहवलं नाही. बडनेऱ्याजवळ त्याने एका बाईला खरं सांगून टाकलं. बातमी कानावर पडली की माती होईपर्यंत तोंडात काही घालायचं नाही, असा रिवाज. बाईने पाण्याचा थेंब घेतला नाही. ऐन उन्हाळा. अंगणात पाऊल ठेवलं आणि ती कोसळली.

फुरकानची आई खुर्शीदबी त्याच्यावर चिडली. "पहले चाय पिला देना था रे. खबर कहाँ भाग के जाती?"

तेव्हापासून फुरकान आधी चहा पाजायचा. मग गाडी गावाकडे वळवायचा.

त्या दिवशी तो अकोल्याहून आचलला घेऊन निघाला. गावातल्या पुंजारामची लेक. तिचा धाकटा भाऊ किशोर सकाळी गोठ्यात सापडला होता. बी.ए. झालेला, वावर कसणारा पोरगा. मुलगा शेती करतो म्हणून तिसऱ्या ठिकाणाहूनही नकार आला होता. नकारानेच त्याने जीव दिला की आणखी कशाने, कोणास ठाऊक. आचलला सांगितलं होतं, मायले बरं नाही. तिच्या सासूला तेवढं दाराआड खरं कळलं होतं. तिने तोंडाला पदर लावला आणि मुकाट्याने बाळाची पिशवी भरून दिली.

बाळ दोन महिन्यांचं. अंगावर पिणारं. माय उपाशी राहिली तर ते काय पिणार, हा घोर फुरकानला लागला होता.

अमरावती आली. आता चहा कुठे पाजायचा?

स्टँडजवळ नत्थुजीचं हॉटेल होतं. फुरकान नेहमी तिथेच थांबायचा. पण तिथे चांदूरकडची निम्मी माणसं बसलेली असायची. आचलला पाहताच कोणीतरी गळा काढला असता. दवाखाना दिसला तर माय इथेच आहे का म्हणून ती आत धावली असती, तिथल्या टपऱ्यांकडे तर पाहायचंही नव्हतं. स्टेशनबाहेरही ओळखीचं कोणी ना कोणी भेटायचंच. शेवटी त्याने मोठ्या रस्त्यावरच्या एका हॉटेलसमोर गाडी लावली. काचेचं दार, पंखे, फॅमिली रूम. गावचं माणूस इथे यायचं कारण नव्हतं.

"एवढ्या मोठ्या हॉटेलात? काय फुरकानभाऊ, जीप विकून राहिले का?"

"पोराले सावली नको का वं?"

"मायले बरं नाही अन् म्या भजे खात बसू?"

"इंजन तापलं. थंडं होऊ दे."

चहा आला, भजी आली. एरवी फुरकान सवारीला आत बसवायचा आणि आपला चहा जिपेला टेकून उभ्यानेच प्यायचा. आज त्याला भीती वाटली, ही एकटी असली तर टाकून उठेल. म्हणून तो तिच्यासमोर खुर्ची ओढून बसला. प्लेट तिच्याकडे सरकवली.

"घे वं. गरम हाय."

आचलचा कप ओठांपाशीच थांबला. ती फुरकानच्याच गावची लेक. तिच्या आत्याला याच जिपेतून आणलं होतं. आत्याला वाटेत चहा पाजला ते बरं झालं, असं बायका बोलत होत्या, तेव्हा ती तिथेच उभी होती.

"भाऊ, तुमी कवा आमच्यासंगं टेबलावर बसले?"

फुरकान उठायला गेला. मग तसाच बसून राहिला.

"आचल, म्या..."

"नका सांगू," ती घाईने म्हणाली. "थांबा जरा."

तिने भजं उचललं. ते तोंडात कोंबलं. तिने वर चहाचा घोट घेतला. दुसरं उचललं. चहा बशीत ओतताना निम्मा टेबलावर सांडला. तिने आणखी एक कप मागवला. बाळ मांडीवर झोपलं होतं. ती त्याच्याकडे पाहत एकेक घास ढकलत होती, कडू औषध घ्यावं तशी. फुरकान भिंतीकडे पाहत राहिला. प्लेट रिकामी झाली. तिने पदराने तोंड पुसलं.

"आता सांगा. माय गेली ना?"

"माय हाय," फुरकान म्हणाला.

तिचा चेहरा एकदम उजळला. तो चेहरा फुरकानला पाहवेना. पण आता थांबताही येत नव्हतं.

"किशोर," तो म्हणाला.

 तिने बाळाला छातीशी धरलं, वाकली आणि टेबलाखाली चपला शोधू लागली. चपला तिच्या पायातच होत्या.