हळदीकुंकवाची फ्लॉपी

वाशीच्या आमच्या सोसायटीत तळमजल्यावर दिनानाथ पेडणेकर राहायचे. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका रंगाच्या कारखान्यात ते स्टोअरकीपर होते. कारखान्याला टाळं लागलं तेव्हा त्यांच्या बरोबरीच्या कुणी पिठाची गिरणी टाकली, कुणी विम्याचं काम धरलं. पेडणेकरांनी सत्त्याऐंशी साली कॉम्प्युटर घेतला, दारावर 'कॉम्प्युटर क्लास' अशी पाटी ठोकली आणि ते सर झाले. इतक्या झटपट मिळालेली बढती मी तरी दुसरी पाहिलेली नाही.

कॉम्प्युटर आतल्या खोलीत. त्याला एसी, जाड पडदे, दाराबाहेर चपला. विद्यार्थी बाहेरच्या खोलीत पंख्याखाली घाम पुसत बसायचे. प्रत्येकासमोर एक पुठ्ठा, त्यावर सरांनी स्केचपेनने काढलेला कीबोर्ड. त्या पुठ्ठ्यावर पोरांनी महिनोन्‌महिने बोटं बडवायची. शनिवारी आतलं दार उघडायचं आणि रांगेने एकेकाने दर्शन घेऊन बाहेर पडायचं. पालक आले तर तेही हात जोडायचे.

"हाताला लागतं ते हार्डवेअर, हाताला लागत नाही ते सॉफ्टवेअर," सर सांगायचे आणि वर्ग पाढ्यासारखं घोकायचा. या हिशोबाने त्यांच्या क्लासात आख्खा कॉम्प्युटरच सॉफ्टवेअर होता, पण हे बोलायची कुणाची छाती नव्हती. परदेशात म्हणे कपडे धुण्याच्या यंत्राच्या पोटातही एक इवलासा कॉम्प्युटर असतो, हेही ते असं सांगायचे की जणू तो त्यांनीच बसवला.

मग खंडेनवमी आली. सुतार करवत पुजतो, ड्रायव्हर ट्रक पुजतो, तर सरांनी कॉम्प्युटर का पुजू नये? झेंडूचा हार घातला, नारळ फोडला. त्या मशीनला स्वतःचं असं काही आठवत नसे. चालू करताना त्याला एक फ्लॉपी भरवावी लागे, तेव्हा कुठे ते जागं व्हायचं. काळ्या चौकोनी पाकिटातली गोल चकती, आणि पाकिटाला एक फट, जिच्यातून चकती दिसते. तिथे बोट लावू नये, हे सर स्वतःच शिकवायचे. फ्लॉपीची दुसरी प्रत काढून ठेवावी, हेही शिकवायचे. पण पूजेला बसल्यावर त्यांच्यातला भटजी जागा झाला. टिळा मूर्तीला लावायचा की देव्हाऱ्याच्या दाराला? म्हणून त्यांनी हळदीकुंकू नेमकं त्या फटीतून चकतीवर लावलं, वर अक्षता टाकल्या आणि फ्लॉपी भक्तिभावाने आत सरकवली. मशीन घरघरलं आणि गप्प झालं. सरांनी ती फ्लॉपी ओल्या फडक्याने पुसून पुन्हा घातली. दुसरी प्रत अर्थातच नव्हती. हे सगळं पुढे त्यांच्या बायकोने, स्मितावहिनींनीच आम्हाला सांगितलं.

क्लास मात्र तसाच चालू राहिला. चालू मशीनलाही कुणी हात लावत नव्हतं, मग बंद पडलेलं कुणाला कळणार?

आमच्या वरच्या मजल्यावरच्या मयेकरांची सुचित्रा त्या क्लासात पहिली यायची. तिला तुर्भ्याच्या एका कंपनीतून टेस्टचं बोलावणं आलं. वडिलांनी बजावलं होतं, "लागलीस तर ठीक, नायतर चिपळूणचं स्थळ पक्कं करतो. आमी थांबायचं तरी किती?"

तिने सरांना विनवलं, "सर, फक्त दहा मिनिटं खऱ्या मशीनवर बसू द्या."

"अगं, विहिरीत पोहायला आलं की समुद्रातही येतं," सर म्हणाले. ही पोर सतरंजीवर पोहायला शिकली होती, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

टेस्टला तोंडी प्रश्नांची उत्तरं तिने खाडखाड दिली. मग तिला स्वतःचं नाव टाईप करायला सांगितलं. पुठ्ठ्यावर बोट दाबून ठेवायची सवय. पहिलंच अक्षर पडद्यावर एकामागून एक उमटत ओळभर पसरलं. तिने घाबरून हात काढला. पुठ्ठ्यावर चूक कधी दिसलीच नव्हती, त्यामुळे ती पुसायची कशी हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं. साहेबाने एवढंच विचारलं, "याआधी हात लावलाय का कधी?"

शनिवारी दर्शनाची रांग लागली असताना ती चपलांसकट आत घुसली आणि तिने बटण दाबलं. पडदा उजळला. त्यावर इंग्रजीत एक ओळ आली.

"डिस्क वाचता येत नाही असं लिहिलंय, सर. हे मशीन बंद पडलंय!"

सरांनी ती ओळ वाकून वाचली. मग रांगेकडे वळून म्हणाले, "बघितलंत? मशीन स्वतःची तपासणी स्वतः करतंय."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. पडदा उजळलेला त्यांनी कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता. टाळ्या वाजवणाऱ्यांत मयेकरही होते. घरी जाताना ते मुलीला म्हणाले, "मशीन चांगलं हाय की. तुलाच नाय जमलं."

वैशाखात लग्न झालं. सरांनी आहेरात 'प्रथम श्रेणी' लिहिलेलं प्रमाणपत्र फ्रेम करून दिलं आणि मयेकरांनी ते रुखवतात मधोमध मांडलं. मला पेडणेकरांची कॉलर धरावीशी वाटत होती. तेवढ्यात नवऱ्यामुलाचे नेरूळचे मामा ती फ्रेम पाहून खूश झाले आणि म्हणाले, "सर, आमच्या वैशालीचंपण नाव घाला तुमच्याकडे."

सुचित्रा मुंडावळ्या सावरत वळली आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मामा, आधी यांना मशीन चालू करून दाखवायला सांगा."

नवरीने इतक्या मोठ्याने बोलू नये, यावर दोन्हीकडच्या बायकांचं एकमत झालं. वैशालीचं नाव सोमवारच्या बॅचला लागलं.